हैबतीची ठाणवई

फार फार वर्षांपूर्वी, राजे पुष्कळ आणि रस्ते थोडे होते तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांनी जरा कान देऊनच ऐकावी, कारण हौस लहानपणी लागली तर गोवरासारखी येऊन जाते. जाणत्या वयात लागली की घरदार हलवते.

एका घाटाच्या पायथ्याशी चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावात एकच तेलघाणा होता आणि तो हैबती तेल्याचा होता. त्याच्या आजाने तो मांडलेला. मोठं दगडी उखळ, आणि त्या उखळात उभी राहिलेली चिंचेच्या लाकडाची लाट, मांडीपेक्षा जाड आणि पुरुषभर उंच. बैल गोल फिरला की लाट उखळात फिरायची आणि तिळातून तेल काढायची. तीन पिढ्यांचं तेल त्या लाकडात जिरलं होतं. हात लावला तर हात तुकतुकीत होई.

गावाची एक रीत होती. तेल विकत कुणी घेत नसे. ज्याने त्याने आपल्या शेतातले तीळ पोत्यात भरून हैबतीच्या ओसरीवर ठेवायचे आणि आपल्याच तिळांचं तेल घरी न्यायचं. प्रत्येक पोत्याला त्या त्या घराची खूण असे, कुणाची लाल चिंधी, कुणाची कवडी, कुणाची नुसती दोऱ्याची गाठ. हैबतीच्या बापाने आणि आजाने कधी एका घराचा दाणा दुसऱ्या घराच्या तेलात जाऊ दिला नव्हता. पेंड आणि मापटंभर तेल एवढीच घाण्याची मजुरी. दिवाळीच्या आधी महिनाभर ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. तयार झालेलं तेल हैबतीची बायको भिवरा दारोदार नेऊन देई, आणि दारात उभी राहून घरातल्या म्हातारीची खुशालीही विचारून येई. गावात तिला कुणी नावाने हाक मारत नसे, घाण्याची सून म्हणत.

हैबती माणूस वाईट नव्हता. आळशी तर मुळीच नव्हता, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. घाण्याचं काम असं असतं की फिरायचं बैलाने आणि बसायचं तेल्याने. मधूनच तीळ सारखे करायचे, पाण्याचा शिपका मारायचा, की पुन्हा बसायचं. हैबतीला बसणंच ठाऊक नव्हतं. तो उठे, दारापर्यंत जाई, परत येई, बैलाच्या शिंगांना तेल चोळी, चांगला बांधलेला दोर सोडून पुन्हा बांधी. भिवरा म्हणे की चांद्या दिवसभर जेवढा चालतो त्याहून माझा नवरा जास्त चालतो. चांद्या म्हणजे त्यांचा बैल.

त्या वर्षी चैत्रात देवीची जत्रा भरली, आणि जत्रेत एक म्हातारा कातारी आला. कातारी म्हणजे लाकूड फिरवून कातणारा. दोन ठोकळे, त्यांत समोरासमोर दोन लोखंडी सुया, सुयांच्या मध्ये अडकवलेलं लाकूड, असा त्याचा चरक. लाकडाला चामड्याची वादी गुंडाळलेली. त्याची म्हातारी वादीची दोन टोकं धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढायची, लाकूड गरगर फिरायचं, आणि म्हातारा त्यावर पटाशी टेकवायचा. साली भुरभुर उडायच्या. मग तो फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरी आणि लाकूड डोळ्यांदेखत लाल होई. जेवायला बसावं आणि उठावं एवढ्या वेळात एका ओबडधोबड तुकड्याचा कुंकवाचा करंडा झाला.

हैबती बघत उभा राहिला. भिवरा बांगड्या भरून आली, फुटाणे घेऊन आली, देवीला ओटी वाहून आली, तरी तो तिथेच. तिने बाही ओढली तेव्हा त्याने मान न वळवता तिला पुढे जायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो एका जागी इतका वेळ उभा होता. तिला बरंच वाटलं बिचारीला.

सांज झाली तेव्हा तो कातारीच्या पाया पडला आणि मला शिकवा म्हणाला.

"पोटासाठी?" कातारीने विचारलं.

"न्हाई बाबा. हौस म्हणून."

कातारीने पटाशी पुसता पुसता त्याच्याकडे पाहिलं. "पोटासाठी शिकणारा दमला की थांबतो. हौशी मानूस थांबत न्हाई. तू थांबशील का?"

हैबती हो म्हणाला. थांबणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नसतं, तो लगेच हो म्हणतो.

कातारीच्या गावी जाऊन तो आठ दिवस शिकला. हात चांगला होता त्याचा, ते कातारीनेही कबूल केलं. निघताना मात्र म्हाताऱ्याने त्याला बसवून घेतलं.

"पटाशी धरणं आठ दिसांत येतं. लाकूड मुरवणं न्हाई येत. ओलं लाकूड कातलंस तर ते तडकणारच. हातभर तुकड्याला चार पावसाळे, मोठ्या ओंडक्याला धा. सावलीत, वारं लागंल असं ठेवायचं आन इसरून जायचं."

हैबतीने सगळं नीट ऐकलं. चार पावसाळे, दहा पावसाळे, सावली, वारं. विसरून जायचं, एवढं मात्र त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

घरी येताच त्याने घाण्याच्या शेजारी चरक मांडला. लोहाराकडून एक पटाशी करून आणली. मग कळलं की खोलगट कातायला गोल पटाशी लागते. मग बारीक रेघांना टोकदार लागते. मग धार लावायला वेगळा दगड, लाखेला वेगळी कढई, पटाश्या टांगायला भिंतीत खुंट्या. पावसाळा तोंडावर आला तोवर घाण्याच्या खोलीत घाण्यापेक्षा चरकाने जास्त जागा घेतली होती.

वादी भिवरा ओढायची. दुसरं होतं कोण? चरकाला दोन माणसं लागतात. एक कातणारं आणि एक ओढणारं. कातणाऱ्याला वस्तू घडताना दिसते, ओढणाऱ्याला फक्त आपले दंड जाणवतात. तरी सुरुवातीला ती खुशीत होती. नवरा हसत होता, गुणगुणत होता. पहिला करंडा त्याने तिच्याच हातात ठेवला. बाभळीच्या ताज्या फांदीचा, पिवळाधमक, वर दोन लाल रेघा. तिने तो देवळीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दूध तापवत असताना देवळीत टचकन आवाज झाला. करंडा वरपासून खालपर्यंत तडकला होता.

दुसरा केला, तोही गेला. तिसरा चार दिवस टिकला. हैबतीने मग निमूट फांद्या तोडून माळ्यावर रचल्या आणि कातारीच्या सांगण्याप्रमाणे वाट बघायला सुरुवात केली. वाट बघणं म्हणजे काय, तर रोज सकाळी माळ्यावर चढायचं, एकेक फांदी उचलायची, वास घ्यायचा, बोटाने टकटक करायचं, आणि खाली येऊन सांगायचं की अजून नाही. दहाव्या दिवशी भिवरा म्हणाली की लाकडाला जरा एकटं राहू द्या. अकराव्या दिवशी तो पुन्हा चढला.

मग एका दुपारी तो जेवायला बसला होता. भिवरा भाकरी थापून झाल्यावर सणाच्या पुरणपोळीसाठी लाटणं धुऊन वाळत ठेवत होती. हैबतीचा घास हातातच राहिला. ते लाटणं तिच्या सासूच्या सासूचं होतं. म्हणजे मुरलेलं लाकूड घरातच होतं की! आणि हा खुळा माळ्यावर चढत होता.

लाटण्याची त्याने बुद्धिबळातली दोन प्यादी केली. लोण्यासारखं कातलं गेलं ते लाकूड. घरात बुद्धिबळ कुणालाच येत नव्हतं. पण प्यादी तडकली नाहीत, आणि हैबतीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

त्यानंतर मुसळ गेलं. मग बाजेचे दोन पाय गेले, मग उरलेले दोन, कारण दोन पायांची बाज काय कामाची. मग दाराचा अडसर गेला. प्रत्येक वेळी तो म्हणे की याच्या जागी दुसरं आणतो, आणि म्हणताना त्याला ते अगदी खरं वाटे. भिवरा तिखट दगडाने कुटू लागली, दोघं जमिनीवर निजू लागली, दार दोरीने बांधू लागली. देवळीत मात्र करंडे, डब्या, भोवरे आणि फुलदाण्या यांची दाटी झाली. गावात थट्टा सुरू झाली. घाण्यावर जाताना काठी बाहेरच टेकवा, म्हणत लोक, नाहीतर परत येताना हातात करंडा मिळेल.

बरं, एवढं करून तो सुखी होता का? तेही नाही. लाकूड फिरत असेतो त्याचा जीव थाऱ्यावर असे. फिरायचं थांबलं की वस्तू उचलून तो उजेडात धरी आणि त्याचा चेहरा पडे. मान जाड झाली. पोट बसकं झालं. रेघ तिरपी गेली. भिवरा छान आहे म्हणाली तर तो चिडे. आणि हाताची आग शमायच्या आत तो दुसरा तुकडा शोधू लागे. झोपेतही त्याचा अंगठा तर्जनीवर घासत असे, पटाशी धरल्यासारखा.

त्याच्या मनात एक वस्तू घर करून बसली होती. कातारीने बोलता बोलता सांगितलं होतं की सगळ्यात अवघड काय, तर एका अखंड लाकडातली ठाणवई. ठाणवई म्हणजे कमरेएवढी उंच दिवठणी, जिच्या माथ्यावर पणती ठेवायची. एवढं लांब लाकूड फिरताना थरथरतं, जरा हात चुकला की मधे मोडतं. माझ्या गुरूला जन्मात दोनदा साधली, मला एकदाही नाही, असं कातारी म्हणाला होता. हे ऐकल्यापासून हैबतीला ती ठाणवई दिसत होती. पण तेवढं लांब, सरळ आणि मुरलेलं लाकूड आणायचं कुठून?

आश्विन लागला. नवे तीळ आले, ओसरी भरू लागली. घाणा सकाळपासून फिरू लागला, आणि हैबतीला पुन्हा बसून राहायची पाळी आली. तो बसला की समोर लाट. काळसर, तुकतुकीत, सरळ. फिरत होती. डोळे दुसरीकडे वळवले तरी कानात तिची कुरकुर येत होती.

पहिल्यांदा त्याने तिच्या माथ्याचा फक्त चार बोटं तुकडा कापला. वरचं टोक तसंही कशाला लागत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. भिवराला सांगितलं की एक जुना ठोकळा सापडलाय, जरा वादी ओढ. ती ओढू लागली. पटाशी टेकली, साली उडाल्या, आणि त्यांतली एक तिच्या मांडीवर पडली. भिवराने ती उचलली. बोटांत चुरली. नाकाशी नेली.

वादी तिच्या हातातून सुटली. लाकूड गिरक्या घेत थांबलं.

"ही आपली लाट हाय," ती म्हणाली.

हैबतीने चार बोटांचं समर्थन सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग ओसरीवरच्या पोत्यांकडे हात केला.

"घरातलं समदं कातलंत, मी वादी ओढली. ते आपलं हुतं. ही लाट आपली न्हाई, धनी. ती त्या पोत्यांची हाय. त्यांच्या दिवाळ्या हायत तिच्यात. तुमी मला शबूद द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि तीच हैबतीला लागली. दिवाळी होईपर्यंत चरकाला हात लावणार नाही, असा त्याने शब्द दिला. खोटा नाही दिला, अगदी मनापासून दिला.

शब्द द्यायला एक क्षण लागतो आणि पाळायला दिवसच्या दिवस. तेही हात रिकामे असलेले दिवस. हैबती येरझाऱ्या घालू लागला. घाण्याच्या खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून परसात, परसातून परत. भाकरीचा तुकडा तो बोटांत फिरवू लागला. एका जागी बसवलं तर मांडी हलवू लागला. चरकावर भिवराने कांबळं टाकलं होतं. त्या कांबळ्याच्या घडीतूनही त्याला चरकच दिसे.

अशात भिवराच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं. पाच-सहा दिवसांसाठी तिला जावं लागलं. उंबऱ्यावर ती थांबली, नवऱ्याकडे पाहिलं. शब्द दिला होता ना त्याने. ती गेली.

पहिला दिवस हैबतीने काढला. दुसऱ्या दिवशी त्याला एक विचार सुचला, आणि वाईट विचारांची खोड अशी की ते चांगल्या विचारांसारखे कपडे घालून येतात. माळ्यावर बाभळीचा एक सरळ ओंडका तीन महिने पडून होता. तो तासून लाटेच्या जागी बसवला तर? बाभूळ चिंचेपेक्षा काय कमी टणक असते? तेल चोळलं की रंगही काळा येईल. घाणा चालू राहील, गावाचं काम अडणार नाही, आणि दिवाळीच्या पहिल्या सांजेला भिवरासमोर अशी ठाणवई ठेवीन की ती शब्दबिब्द सगळं विसरून जाईल. हे सगळं तिच्यासाठीच तर आहे, असंही त्याला वाटू लागलं.

त्याने लाट काढली. वादी ओढायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने चरकाच्या वर छताला एक लवचीक कळक बांधला, वादीचं एक टोक त्याला आणि दुसरं पायाखालच्या फळीला. पायाने फळी दाबली की लाकूड फिरे, सोडली की उलटं फिरे. तीन दिवस तो कातत होता. उठला नाही, येरझारा घातल्या नाहीत, खाल्ल्याचीही शुद्ध नव्हती. आणि खरं सांगायचं तर, मुलांनो, ठाणवई अप्रतिम झाली. खोटं कशाला बोला. खाली उमललेलं कमळ, वर एकावर एक निमुळती होत गेलेली कडी, बोटाएवढी नाजूक मान, आणि माथ्यावर पणतीला जागा. थरथरली नाही, मोडली नाही. हैबतीने ती उजेडात धरली आणि पहिल्यांदाच त्याला तीत काही खोट दिसली नाही.

मग त्याने बाभळीची लाट तेल चोळून उखळात बसवली आणि चांद्याला जुंपलं. चांद्या दोन पावलं चालला आणि थांबला.

"ही आपली लाट न्हाई," बैल म्हणाला. त्या काळी जनावरं बोलत. उगाच बोलत नसत एवढंच.

"तुझ्या डोळ्यांवर झापड हाय. तुला काय कळतंय?" हैबती म्हणाला.

"डोळ्यांवर हाय. खांद्यावर न्हाई."

हैबतीने कासरा हिसडला. बैलाची जात, चालू लागला.

भिवरा परत आली. चरकावर कांबळं जसंच्या तसं होतं. खोलीतल्या अंधारात लाट काळी दिसत होती. नवरा शांत होता, कधी नव्हे तो बसून होता. तिला भरून आलं. शब्द पाळला म्हणून तिने त्या दिवशी त्याला गोडाचं करून घातलं, आणि हैबतीने ते मान खाली घालून खाल्लं.

चाळीस घरांचे तीळ त्या नव्या लाटेखालून गेले. तेल जरा गढूळ दिसत होतं. नव्या तिळांचं असं असतं, हैबती म्हणाला. भिवराने ते दारोदार नेऊन दिलं आणि प्रत्येक दारात सांगितलं की यंदाचं तेल जरा गढूळ आहे, पण चोख आहे. ती घाण्याची सून होती. तिच्या सांगण्यावर कुणी संशय घेतला नाही.

दिवाळीची पहिली सांज आली. गल्लीत दोन्ही बाजूंना पणत्यांच्या ओळी लागल्या. हैबतीने पोत्यांच्या मागे लपवलेली ठाणवई आणून ओसरीवर मधोमध ठेवली, तिच्या माथ्यावर पणती ठेवली, वात लावली आणि भिवराला बाहेर बोलावलं.

ती आली. ठाणवईकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग जवळ जाऊन एका कड्यावरून तळवा फिरवला आणि तळव्याकडे पाहिलं. तो तुकतुकीत झाला होता.

हैबती काही बोलायच्या आत ज्योत तडतडली, थुंकल्यासारखी उडाली आणि विझली. त्याने पुन्हा लावली. पुन्हा तडतडली आणि विझली. ओल्या बाभळीचं पाणी तेलात उतरलं होतं. तेवढ्यात शेजारच्या अंगणातून तोच आवाज आला, मग समोरून, मग गल्लीभर. भिवरा ओसरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिच्यासमोर एकेका घराची ओळ विझत गेली. पोरं पुन्हा पुन्हा वाती पेटवत होती, म्हातारेकोतारे वाती पिळून बघत होते, आणि थोड्या वेळात गल्लीत काळोख झाला. भिवरा तिथेच खाली बसली आणि तिने पदर तोंडावर घेतला.

सकाळी हैबतीने लाट उपसून पाहिली. ती वरून खालपर्यंत उभी चिरली होती, भेगेत बोट जाईल एवढी.

गाव ओसरीवर आलं. हैबती मार खायच्या तयारीने उभा होता. शिव्या खायच्याही. पण कुणाचा हात उठला नाही. सगळ्यांनी ठाणवई पाहिली, आणि सगळ्यांना उमगलं. शेवटी गावातली सर्वांत थोरली आजी काठी टेकत पुढे आली.

"तेलाचं काय न्हाई बाबा," ती म्हणाली. "यंदा अंधारात केली दिवाळी. म्हातारीला अंधाराची सवयच हाय. पन पुढल्या साली तीळ कुनाच्या ओसरीवर ठिवायचे, तेवढं सांग."

लोक निघून गेले. जाताना ज्याची त्याची रिकामी पोती, चिंधीची, कवडीची, गाठीची, उचलून घेऊन गेले.

त्याच दिवशी ठाणवई खांद्यावर टाकून हैबती कातारीच्या गावी गेला. म्हाताऱ्याने ती हातात घेतली, फिरवली, मानेवरून नख ओढलं, डोळ्यांजवळ नेऊन कडी न्याहाळली.

"माज्या गुरूची बी अशी न्हवती," तो म्हणाला.

हे ऐकायला हैबतीने सहा महिन्यांपूर्वी काय दिलं नसतं! आता ते शब्द त्याला कुणा दुसऱ्याविषयी बोलल्यासारखे वाटले. त्याने सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता कातारीने ठाणवई हळूच जमिनीवर ठेवली आणि हात धोतराला पुसले.

"बाबा, हिची पुन्यांदा लाट करता येईल का? जोड देऊन, लोखंडी पट्ट्या ठोकून, कशीबी."

"कातलेलं लाकूड पुन्हा ओंडका हुत न्हाई, पोरा. चिंच तोड. माळ्यावर टाक. धा पावसाळे."

एवढं बोलून म्हातारा आत निघून गेला.

हैबती ठाणवई घेऊन परतला. रागाने ती चुलीत घालायला निघाला, तर भिवराने ती त्याच्या हातातून काढून घेतली. गावाचं तेल आहे तिच्यात, जाळायची नाही, म्हणाली. तिने ती कोपऱ्यात कांबळ्याखाली झाकून ठेवली. तिच्यावर पुन्हा कधी दिवा लागला नाही.

चिंच तोडली. ओंडका माळ्यावर गेला. आणि भिवरा म्हणाली की तोवर गावाचे तीळ घाटापलीकडच्या घाण्यावर आपण न्यायचे, मजुरी न घेता, आणि तेल आपण आणायचं. पहिल्या वर्षी तीनच घरांनी पोती दिली. बाकीचे स्वतः गेले, दोन दिवस जायला आणि दोन दिवस यायला, आणि जाताना हैबतीच्या दारावरून मान न वळवता गेले. हैबती रोज दारात उभा राहून ते बघत असे. त्याने आत जावं असं भिवराला वाटे, पण तो जात नसे.

दुसऱ्या वर्षी पाच पोती आली. चौथ्या वर्षी चांद्या गोठ्यातच गेला. घाण्याला तो पुन्हा कधी जुंपला गेलाच नाही. म्हातारपणीसुद्धा तो सोडला की रिकाम्या उखळाभोवती दोन फेऱ्या मारून यायचा. तोवर घाटापलीकडची पोती त्याच्या पाठीवर जात; पुढे हैबती ती स्वतःच्या खांद्यावर वाहू लागला. घाट चढताना सगळी धडपड अंगातून निघून जाते; वरच्या टप्प्यावर पोहोचला की तो एका दगडावर बसे आणि बसून राही. थोरली आजी गेली. तिच्या तेलाची भरपाई त्याच्याकडून राहून गेली ती राहूनच गेली.

दहावा पावसाळा सरला. भिवराचे केस पिकले होते. तिने माळ्याला शिडी लावली आणि त्याला हाक मारली.

"झाले धा. काढायचा का खाली?"

हैबती वर चढला. ओंडक्यावरून त्याने तळवा फिरवला. वास घेतला. बोटाने एकदाच टकटक केलं आणि कान लावून बराच वेळ तसाच राहिला.

"अजून एक पावसाळा जाऊ दे," तो म्हणाला आणि सावकाश शिडी उतरला.

अकराव्या वर्षी दिवाळीच्या आधी नवा बैल जुंपला आणि नव्या लाटेचा घाणा फिरला. तेल निर्मळ उतरलं. पण ओसरीवर चाळीसपैकी सतराच पोती आली; उरलेल्या घरांची पायवाट घाटापलीकडे पडली होती, आणि ती तशीच राहिली.

हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं नव्हे. मोल असतंच, आणि ते ज्याला आपल्या पदरचं देता येत नाही त्याने दुसऱ्यांच्या दिव्यांवर हौस करू नये.